बंदर, गोदाम आणि घर



बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील कित्येकांनी समुद्र प्रथम पाहिला तो कामधंद्याच्या शोधार्थ मुंबईस गेल्यावर. अशा प्रदेशातील एका मराठी ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात ‘जुन्या बंदराच्या जागी उभी राहणारी नवी घरे कशी असावीत’ या विषयावर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बंदर हे केवळ किनाऱ्यावरील गावाचे कधीच नसते. ज्या मुलखाचा माल तेथून परदेशी जातो, ज्या मुलखाची माणसे तेथे ओझी वाहतात आणि ज्या मुलखाचा दगड तेथील घरांच्या भुईला लागतो, तो सारा मुलूख त्या बंदराचा भागीदार असतो. भूगोलाच्या परिभाषेत त्याला पश्चभूमी म्हणतात. या व्याख्यानाचा विषय मुंबई बंदराचा असला तरी त्याकडे पाहण्याची दृष्टी पश्चभूमीची आहे.

बिदरचे समुद्राशी असलेले नाते मुंबईहून जुने आहे. पंधराव्या शतकात बिदर ही बहमनी राज्याची राजधानी झाली, तेव्हा तिचा समुद्र दाभोळ आणि चौल येथे होता. अरबस्तानातून व इराणातून येणारे घोडे कोकणच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून दख्खनच्या पठारावर येत. गिलान प्रांतातील महमूद गवान हा व्यापारी १४५३ च्या सुमारास दाभोळला उतरला आणि बिदरला येऊन पुढे राज्याचा वजीर झाला. त्वेर येथील अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी त्यानंतर काही वर्षांनी एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरवरून बिदरला आला आणि परतताना दाभोळहून जहाजात बसला. त्याच्या प्रवासवर्णनात बिदरचे बाजार आणि दरबार यांची वर्णने आहेत, ती या बंदरवाटेमुळेच लिहिली गेली.

या महमूद गवानाने १४७२ साली बिदर येथे जो मदरसा बांधला, त्याची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मध्ये मोठे अंगण, भोवती तीन मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या राहण्याच्या खोल्या, आणि त्याच वास्तूत व्याख्यानगृह व ग्रंथालय. या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे इतिहासकार सांगतात. दर्शनी भागावरील रंगीत कौलांचे नक्षीकाम इराणी परंपरेतले आहे. समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्याने समुद्राची आठवण म्हणून भिंतीवर जहाज कोरले नाही. त्या मार्गाने आलेली विद्या, कारागिरी आणि एकत्र राहण्याची पद्धत त्याने वास्तूत उतरवली. वारसा पुढे नेणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण घराजवळच आहे, आणि पुढील विवेचनात ते वारंवार उपयोगी पडेल.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशाचे बंदर बदलले. १८७१ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, गुलबर्गा आणि वाडीवरून रायचूरपर्यंत पोहोचला. १८७४ साली वाडीहून सिकंदराबादला जाणारा निजामाचा लोहमार्ग सुरू झाला. घाटवाटांनी कित्येक दिवस घेणारा माल आता थोड्या अवधीत मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला. गुलबर्गा येथे १८८० च्या दशकात उभी राहिलेली महबूबशाही कापडगिरणी हे या लोहमार्गाचेच अपत्य होय. शहाबाद, वाडी आणि चित्तापूर परिसरातील चुनखडकाचे थर सहज सुटतात, घासले की गुळगुळीत होतात आणि उन्हाळ्यात थंड राहतात. हा दगड ‘शहाबादी फरशी’ या नावाने महाराष्ट्रभर पसरला. मुंबई-पुण्यातील असंख्य घरांच्या स्वयंपाकघरातील ओटा आणि न्हाणीघरातील मोरी याच दगडाची आहे. त्या घरांतील कित्येकांना शहाबाद हे गावाचे नाव आहे याची कल्पनाही नसते.

आता प्रत्यक्ष बंदराकडे वळू. मुंबईत १८७३ साली बंदराचा कारभार पाहणारी विश्वस्त संस्था स्थापन झाली. १८७५ साली ससून गोदी, १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी अशा गोद्या क्रमाने बांधल्या गेल्या. शेवटची पुढे इंदिरा गोदी या नावाने ओळखली जाऊ लागली. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीदगडाच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली आणि तेथील इमारतींची आखणी जॉर्ज विटेट यांनी केली. वडाळा-शिवडीपासून कुलाब्यापर्यंत पूर्व किनाऱ्याची जवळजवळ सारी कड गोद्या, वखारी, रूळ आणि कारखाने यांनी व्यापली. पश्चिमेच्या चौपाट्या सर्वांच्या झाल्या; पूर्वेचा समुद्र मात्र भिंतींच्या आड गेला. तेथे काम करणाऱ्यालाच तो दिसे.

या किनाऱ्याची नावे वाचली तरी बंदराचा हिशेब कळतो. दाणाबंदर, लाकडी बंदर, कौला बंदर, कोळसा बंदर, दारूखाना, कॉटन ग्रीन. धान्य कोठे उतरे, इमारती लाकूड कोठे रचले जाई, कौले कोठे येत, स्फोटक दारू वस्तीपासून दूर कोठे ठेवत, कापसाच्या गाठींची थप्पी कोठे लागे, हे सारे या नावांत आहे. दूरचा मुलूख आणि हा किनारा यांना जोडणारी ती एक खतावणीच म्हणावी लागेल.

बंदर आणि गिरण्या यांच्यासाठी माणसे हवी होती. ती कोकण, देश आणि दख्खन येथून आली. त्यांच्या राहण्याची सोय मात्र फार उशिरा विचारात घेतली गेली. १८९६ च्या प्लेगने दाट वस्त्यांची भीषण अवस्था उघडी केल्यावर १८९८ साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. १९२० च्या दशकात विकास विभागाने बांधलेल्या चाळी ‘बीडीडी चाळी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा या २०७ इमारती. प्रत्येक मजल्यावर मधोमध जाणारी ओळ, दोन्ही बाजूंस १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सामाईक शौचालये. १६० चौरस फुटांत संसार करणे हे काही सुखाचे नव्हते, आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्याच अडचणीतून माणसांनी एक समाजजीवन उभे केले. गावाच्या नावाने चालणाऱ्या खोल्या, व्यायामशाळा, भजनी मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव हे सारे त्यातले. गिरणगावातील स्त्रिया लहानशा खोल्यांत कामगारांसाठी खानावळी चालवीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. तेव्हा घर हे येथे केवळ निवाऱ्याचे ठिकाण नव्हते, ते कामाचेही ठिकाण होते.

या वसाहतींनी आपत्तीही सोसल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोट झाले. त्याच जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. शेकडो माणसे मृत्यू पावली, आसपासची वस्ती जळाली आणि हजारो लोक बेघर झाले. साठवण आणि वस्ती एकमेकांना किती खेटून असावीत, हा नियोजनाचा प्रश्न त्या दिवशी रक्ताने लिहिला गेला.

पुढे काळ पालटला. माल पोत्यांतून व गाठींतून जाण्याऐवजी लोखंडी पेट्यांतून जाऊ लागला. पेटी उचलण्यास हमालाची पाठ लागत नाही; तिला विस्तीर्ण आवार, खोल पाणी आणि यंत्रे लागतात. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर कार्यान्वित झाले आणि मुंबईच्या जुन्या बंदराचे महत्त्व उतरणीस लागले. घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. १९६९ च्या कायद्याने माथाडी कामगारांना जे संरक्षण लाभले होते, ते घेऊन त्यांनाही खाडी ओलांडावी लागली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या एकविसाव्या शतकाच्या आरंभी पेट्यांच्या आवारासाठी भराव घालून बुजविण्यात आल्या. ज्या पाण्यासाठी सारा खटाटोप झाला, ते पाणीच तेथून नाहीसे झाले.

बंदराच्या ताब्यात सुमारे १८०० एकर जमीन आहे. तिचे पुढे काय करावे हे ठरविण्यासाठी २०१४ साली राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २०१८ च्या अखेरीस नियोजनाचा मसुदा जाहीर झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा अटल सेतू खुला झाल्यापासून या किनाऱ्याचे मोल आणखी वाढले आहे. तेथे नव्या वस्तीची चित्रे रंगू लागली, म्हणजे ‘औद्योगिक वारशातून प्रेरणा’ हा शब्दप्रयोगही कानी पडणारच. जगभर जुन्या बंदरांवर उभ्या राहिलेल्या घरांच्या जाहिरातींत तो असतो. तेव्हा प्रेरणा म्हणजे नेमके काय, याचा विचार आधीच केलेला बरा.

मुंबईलाच याचा एक अनुभव आलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची स्थूलमानाने तीन भागांत वाटणी सुचविली होती: एक भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकास. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सुचविले. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती राहिली; ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून निसटली. उच्च न्यायालयाने २००५ साली याविरुद्ध निकाल दिला, तर ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम केला. परिणाम सर्वांसमोर आहे. काही ठिकाणी धुराडे जपले गेले, काही ठिकाणी दगडी भिंत राहिली, आणि त्यांच्याभोवती दुकाने, कचेऱ्या व उंच मनोरे उभे राहिले. धुराडे जपले हे चांगलेच झाले. परंतु त्या धुराड्याखाली राबलेली माणसे कोठे गेली, हे धुराडे सांगू शकत नाही. ते सांगण्याचे काम जयंत पवार यांच्या ‘अधांतर’सारख्या नाटकाला करावे लागले.

म्हणून बंदरावरील नव्या वस्तीचा विचार करताना जगातील अनुभव पाहणे उपयुक्त ठरते. लंडनच्या गोद्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बंद होत गेल्या. १९८१ साली त्यांच्या विकासासाठी स्वतंत्र महामंडळ नेमले गेले. थेम्सकाठच्या वखारींत सुरेख सदनिका झाल्या, पण गोदी कामगारांच्या कुटुंबांना त्या परवडणाऱ्या नव्हत्या आणि त्यावरून तेथे मोठा असंतोष झाला. त्याच शहरात नदीच्या दक्षिण तीरावर, कॉइन स्ट्रीट येथे, रहिवाशांनी दीर्घ लढा देऊन १९८४ साली १३ एकर जमीन मिळविली आणि सहकारी तत्त्वावर घरे, बाग व नदीकाठचा सार्वजनिक रस्ता उभारला. नदी तीच, काळही तोच. जमीन कोणाच्या हाती आली यावरून दोन वेगळ्या वस्त्या झाल्या.

आम्सटरडॅमच्या पूर्वेकडील गोद्यांच्या जागी १९९० च्या दशकात बोर्निओ आणि स्पोरेनबर्ख या दोन धक्क्यांवर सुमारे २५०० घरे बांधली गेली. तेथील आखणी करणाऱ्यांनी दर हेक्टरी १०० घरांची घनता राखली, पण मनोरे उभारण्याऐवजी बहुतांश घरे तीन मजली, अरुंद आणि एकमेकांस लागून ठेवली. प्रत्येकाच्या पोटात लहानसे अंगण वा गच्ची दिली. धक्क्याची लांबट आकृती आणि पाण्याशी थेट संबंध एवढेच त्यांनी बंदराकडून घेतले. उंच न जाताही दाट वस्ती होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. हॅम्बुर्गचे उदाहरण दुहेरी आहे. तेथील लाल विटांची भव्य वखारनगरी, जी २०१५ पासून जागतिक वारसा आहे, ती बांधण्यासाठी १८८३ पासून सुमारे २० हजार रहिवाशांना हटविले गेले होते. म्हणजे वारसा म्हणून मिरविल्या जाणाऱ्या वास्तूच्या पायाखालीही विस्थापन असू शकते. तिच्या शेजारी २००० सालापासून आकारास आलेली हाफेनसिटी मात्र पुराचा विचार करून समुद्रपातळीपेक्षा आठ-नऊ मीटर उंच जोत्यांवर बांधली गेली. नदीकाठ आणि धक्के सर्वांना खुले राहिले.

या सर्वांतून बंदरावरील घराच्या आखणीसाठी काही सूत्रे निघतात.

पहिले सूत्र हवामानाचे. मुंबईच्या जुन्या वखारींच्या जाड भिंती, उंच छत, छताखालील झरोके आणि दारावरील खोल छपरी या गोष्टी शोभेच्या नव्हत्या. कापूस व धान्य दमट हवेत टिकावे, पावसात माल उतरविता यावा, म्हणून त्या होत्या. माणसालाही तीच हवा आणि तोच पाऊस सोसावा लागतो. तेव्हा वखारीकडून घ्यायचे ते वारा खेळविण्याचे आणि सावली धरण्याचे तंत्र. काचेच्या भिंतीच्या मनोऱ्यावर विटांचा रंग देऊन ते साधत नाही.

दुसरे सूत्र मापाचे. चाळीतील ओळ किंवा सज्जा म्हणजे केवळ येण्याजाण्याची वाट नव्हे. तेथे मुले खेळत, वृद्ध बसत, भांडणे होत आणि मिटत. खोलीतील गर्दी जाऊन सज्जाचे हे गुण कसे राहतील, हा वास्तुरचनाकारापुढील खरा प्रश्न आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूर येथे रचलेल्या वसाहतीत काही घरे एका लहान अंगणाभोवती, अशी काही अंगणे एका मोठ्या अंगणाभोवती, अशी मांडणी केली. घरे जमिनीला लागून, पुढे वाढविता येण्याजोगी ठेवली. बिदरच्या मदरशातील खोल्या आणि अंगण यांच्याशी या रचनेचे नाते कोणासही ओळखू येईल.

तिसरे सूत्र कामाचे. बंदरावर राहणारा माणूस घरातच काही उद्योग करतो हे गृहीत धरले पाहिजे. खानावळ, शिलाई, जाळी विणणे, सुटे भाग दुरुस्त करणे यांना तळमजल्यावर वाव हवा. ज्या वस्तीत केवळ झोपायचे, ती वस्ती बंदराच्या परंपरेतली नव्हे. ससून गोदीवर आजही पहाटे मासळी उतरते आणि शिवडीचा कोळीवाडा आजही आहे. नव्या वस्तीच्या नकाशात मासळीचा वास हा दोष म्हणून नोंदला जाऊ नये.

चौथे सूत्र पाण्याचे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या वर जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरतीच्या वेळी अशा पावसाला वाटच राहत नाही. भराव टाकून मिळविलेल्या जमिनीवर घरे बांधताना जोत्याची उंची, पाणी मुरण्याची जागा आणि शिवडीची खारफुटी व चिखलठाणे राखणे या गोष्टी सौंदर्याच्या नसून जीविताच्या आहेत. शिवाय पाण्याची कड ही सर्वांची असली पाहिजे. दीडशे वर्षे गोदीच्या भिंतीआड गेलेला समुद्र आता सोसायटीच्या भिंतीआड गेला, तर नगराने काय मिळविले?

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे सूत्र माणसांचे. शिवडीच्या १२ बीडीडी चाळी बंदराच्या, म्हणजे केंद्र शासनाच्या अखत्यारीतील जमिनीवर आहेत. २०१७ साली वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींच्या पुनर्विकासाचा आरंभ झाला तेव्हा शिवडीच्या चाळी त्याबाहेर राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याच मापाच्या, त्याच काळच्या खोलीत राहणारे शिवडीचे कुटुंब मात्र केवळ जमिनीच्या मालकाच्या भेदामुळे मागे राहिले. दारूखान्याच्या कौला बंदर येथील वस्तीला तर समुद्राच्या ऐन कडेवर असून पिण्याच्या पाण्याची अधिकृत जोडणी नसल्याने वर्षानुवर्षे पाणी विकत घ्यावे लागले. बंदराच्या वारशातून प्रेरणा घेऊन घरे बांधावयाची तर पहिले घर यांचे हवे. ज्यांनी तो वारसा घडविला आणि आजही त्याच्या सावलीत जे राहतात, त्यांना हलवून त्यांच्या नावाने वस्ती सजविणे याला प्रेरणा म्हणता येणार नाही.

येथे कोणी विचारील की, मुंबईच्या जमिनीचे दर पाहता हे शक्य आहे काय? प्रश्न योग्य आहे. परंतु ही जमीन खासगी गिरणीची नाही, ती सार्वजनिक आहे. बहुतांश भरावाने मिळविलेली आणि देशाच्या व्यापारावर पोसलेली आहे. तिची किंमत केवळ लिलावातील बोलीने ठरविण्याचे बंधन शासनावर नाही. हाफेनसिटीत जमिनी देताना केवळ सर्वाधिक बोली न पाहता तेथे काय बांधले जाणार याचाही विचार केला गेला. जे जर्मनीतील एका नगराला जमले, ते येथे अशक्य मानण्याचे कारण नाही.

आता पुन्हा या सीमाभागाकडे यावे लागेल, कारण हा प्रश्न येथेही आहे. कलबुर्गीची महबूबशाही गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. ‘एमएसके मिल’ हे नाव परिसराला चिकटून राहिले. शहाबाद-वाडीच्या खाणींनी आणि सिमेंटच्या कारखान्यांनी वसाहती वसविल्या; त्यांतील कित्येक आता उतरत्या कळेच्या आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि बिदरसह काही भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमा बदलली, पण कामासाठी मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची दिशा बदलली नाही. नव्या मनोऱ्यांच्या बांधकामावर वाळू-सिमेंट कालविणाऱ्यांत या दोन जिल्ह्यांतील माणसे आजही आहेत. म्हणजे बंदराच्या जागी जी घरे उभी राहतील, त्यांतही येथील घाम असणार आहे. येथील दगडही असावा. पाडल्या जाणाऱ्या चाळींतील शहाबादी फरशी राडारोड्यात न टाकता नव्या अंगणांत पुन्हा बसविली गेली, तर ती खर्चालाही हलकी आणि अर्थालाही भारी ठरेल.

यात ग्रंथालयाचे काम कोणते, हे शेवटी सांगणे अगत्याचे आहे. गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे अर्जदाराला कागदाने सिद्ध करावे लागले. ज्याच्याजवळ ओळखपत्र, वेतनचिठ्ठी वा भविष्यनिर्वाह निधीची नोंद होती, त्याचा दावा उभा राहिला. जो संपानंतर गावी परतला आणि ज्याचा कागद घराच्या गळक्या छपराखाली कुजला, त्याचे सारे आयुष्य पुराव्याअभावी नाकारले जाण्याची वेळ आली. नगररचनेचा नकाशा नोंदीवरून काढला जातो. ज्या माणसाची नोंद नाही, त्याची जागा नकाशावर ‘रिकामी’ दिसते.

ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे भाषेची नोंद जपली, त्याने आता कामाची नोंदही जपावी. गिरणीचे हजेरीपट, वेतनचिठ्ठ्या, संघटनांची पत्रके, खाणीतील अवजारांची आणि दगडाच्या प्रतींची नावे, मुंबईहून आलेली पोस्टकार्डे, मनिऑर्डरच्या पावत्या, चाळीतील खोल्यांचे फोटो हे सारे या सीमाभागातील घरोघरी ट्रंकांतून पडून आहे. मराठी, कन्नड, उर्दू असा भेद न करता ते गोळा व्हावे, त्याची सूची व्हावी आणि पोथ्यांइतक्याच काळजीने ते कपाटात ठेवले जावे. महमूद गवानाच्या मदरशात राहण्याच्या खोल्या आणि ग्रंथ एकाच अंगणाभोवती होते. उद्या शिवडीला किंवा कलबुर्गीच्या गिरणीच्या आवारात घरांची आखणी करणारा कोणी तरुण ‘येथे कोण राहत होते, काय करीत होते’ असे विचारीत आला, तर त्याला दाखविण्यासाठी या ग्रंथालयात एक कपाट भरलेले असावे. शतकमहोत्सवाच्या निमित्ताने एवढा संकल्प झाला, तरी या व्याख्यानाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.